नाल नसलेला डाव

पत्त्यांचा कॅट घरात दिसला की आमच्या वडिलांचे पित्त खवळत असे. ते तालुक्याच्या कचेरीत कारकून होते आणि कचेरीतील दोघा सहकाऱ्यांचे संसार तीन पत्तीच्या पायी धुळीला मिळालेले त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. त्यामुळे गौरी-गणपतीच्या जागरणाची रात्र वगळता बदाम-सात किंवा गुलामचोर यांसारखे निरुपद्रवी डावदेखील आम्हां भावंडांना माळ्यावर लपून खेळावे लागत. पुढे शिक्षकी पेशात बत्तीस वर्षे काढताना मागच्या बाकांवरून असे कितीतरी कॅट मी स्वतः जप्त केले. हे सांगण्याचे कारण एवढेच की, ज्या विषयावर आज लिहावयास बसलो आहे त्याविषयी माझ्या मनात मुळात सहानुभूतीचा लेशही नव्हता.

दोन वर्षांपूर्वी मध्य इंग्लंडातील एका लहानशा गावी पुतण्याकडे महिनाभर राहण्याचा योग आला. गाव एके काळी कोळशाच्या खाणींवर जगणारे. खाणी बंद पडून आता पिढी लोटली. एका मंगळवारी संध्याकाळी पुतण्या म्हणाला, "काका, आज आमच्या लीगची रात्र आहे. येता का?" मला वाटले, फुटबॉल असेल. तो हसून म्हणाला, "फुटबॉल नव्हे, पोकर. पण भिऊ नका, पाच पौंडांच्या वर कोणाचे काही जात नाही." मी निघालो तो अर्धा कुतूहलाने आणि अर्धा या विचाराने, की भावाला पत्र लिहिताना मुलगा कोणत्या संगतीत आहे हे आपल्याला ठाऊक असलेले बरे.

जागा म्हणजे गावातील पबची मागली खोली. तिकडे पब म्हणजे निव्वळ गुत्ता नव्हे; आपल्याकडे चावडी, पार आणि कोपऱ्यावरचे हॉटेल मिळून जे काम करतात ते तेथे ती एकच वास्तू करते. खोलीत तीन मेजे, त्यांवर हिरवे कापड आणि अठरा माणसे. एक पोस्टमन, शाळेतील दोन शिक्षिका, वीजतंत्री, दवाखान्यातील परिचारिका, अभियांत्रिकीचा विद्यार्थी, मूळचे गुजराथी असलेले एक दुकानदार आणि खाणीत आयुष्य घालविलेले ऐंशीच्या घरातील एक आजोबा. आम्ही दोघे मिळून वीस झालो. प्रत्येकाने पाच पौंड काढून चिटणीसाच्या हाती दिले आणि चिटणीसाने वहीत नावे लिहून घेतली. चिटणीस गावच्या शाळेचाच पहारेकरी होता. इतक्यात एक तरुण धापा टाकीत आला. त्याला चिटणीस म्हणाला, "शंभर पूर्ण झाले, बाबा. आज तू पाने वाटायची." तरुणाने कुरकुर न करता कोट खुंटीला अडकविला. या 'शंभर पूर्ण झाले'चा अर्थ मला पुढे दोन दिवसांनी कळला. त्याकडे वळण्यापूर्वी खेळ कसा होता ते सांगितले पाहिजे.

पोकरचा जो प्रकार आज जगभर चालतो त्याला टेक्सास होल्डम असे नाव आहे. प्रत्येकाला दोन पाने पालथी वाटतात. मग मेजाच्या मध्यभागी प्रथम तीन, नंतर एक आणि शेवटी आणखी एक अशी पाच पाने उताणी मांडली जातात. ती सर्वांची सामाईक. आपली दोन आणि मधली पाच यांतून ज्याचा पाच पानांचा संच सरस, त्याचा डाव. प्रत्येक टप्प्यावर चाल वाढवावयाची, तिची बरोबरी करावयाची किंवा पॅक व्हावयाचे. तीन पत्ती ठाऊक असलेल्याला हे उमगण्यास पाच मिनिटे पुरतात, आणि त्यात नवल नाही. आपली तीन पत्ती ही इंग्रजांच्या 'ब्रॅग' या जुन्या खेळाची कन्या मानली जाते आणि पोकरच्या वंशावळीतही त्याच ब्रॅगचे नाव घेतले जाते. म्हणजे नाते मावसबहिणींचे आहे.

फरक पडतो तो स्पर्धेच्या रचनेमुळे. पाच पौंड दिले की सर्वांना सारख्याच रंगीत चकत्या मिळतात. या चकत्यांना बाजारात कवडीचीही किंमत नाही. त्या संपल्या की माणूस बाद. खिशात पुन्हा हात घालण्याची सोय नाही. पाने वाटण्यापूर्वी दोघांनी आळीपाळीने लावावयाची सक्तीची बोली दर वीस मिनिटांनी वाढत जाते. त्यामुळे कोणी कितीही कंजूषपणे बसून राहिला तरी त्याला हालचाल करावीच लागते, आणि अकराच्या सुमारास एकटाच उरतो. जशी माणसे बाद होतात तशी तीन मेजांची दोन आणि दोहोंचे एक होते. त्या एका मेजाभोवती बाद झालेले सारे उभे राहतात. क्रमांकाप्रमाणे गुण वहीत चढतात, बारा आठवड्यांचा हंगाम संपला की बेरीज होते आणि पहिल्या आलेल्यास मुलामा दिलेला एक चषक वर्षभर घरी ठेवावयास मिळतो. तो गेल्या वर्षी आमच्या पोस्टमनकडे होता व त्याची पत्नी त्यात लिंबे ठेवीत असे, असे मला विश्वसनीयरीत्या समजले.

मी तासभर टिकलो. त्या तासातील एक डाव मात्र मला अजून आठवतो. माझ्या हाती राजांची जोडी आली होती. आजोबांनी चाल वाढविली, मी उरल्यासुरल्या सगळ्या चकत्या पुढे लोटल्या, त्यांनी बरोबरी केली आणि रिवाजाप्रमाणे दोघांनी पाने उघडी केली. त्यांच्याकडे राण्यांची जोडी. अशा लढतीत शंभरांतून सुमारे ब्याऐंशी वेळा राजे जिंकतात. मधली चार पाने निघाली, राणी नाही. न दिसलेली पाने उरली चव्वेचाळीस आणि त्यांत राण्या दोनच, म्हणजे बाविसांत एक संधी. शेवटचे पान इस्पिकची राणी निघाले. आजोबांनी उठून हात पुढे केला आणि म्हणाले, "तुम्ही चुकला नाहीत. मी चुकलो होतो, एवढेच की मला शिक्षा झाली नाही."

गणिताच्या मास्तराला हे वाक्य बोचणारच. रीत बरोबर आणि उत्तर चूक, असे आमच्या वर्गात कधी होत नसे. आयुष्यात मात्र सदैव होते, आणि ते शिकविण्याची सोय आमच्या अभ्यासक्रमात कोठेच नाही. परीक्षेत एका गुणाने हुकलेला मुलगा आपण मूर्ख आहोत असे समजतो, एका गुणाने तरलेला स्वतःला शहाणा समजतो. या मेजावर माणसे निर्णय आणि निकाल वेगवेगळे मोजावयास शिकली होती. डाव संपल्यावर 'तू तेथे चाल का वाढवलीस' यावर ज्या गांभीर्याने चर्चा चाले ते गांभीर्य मी शिक्षकांच्या बैठकीतही क्वचित पाहिले आहे.

बाद झाल्यावर मी घरी जाण्यास निघालो तर पुतण्याने थांबविले. बाद झालेल्याने जावयाचे नसते. त्याने पाने पिसावयाची, वाटावयाची, चहा आणावयाचा. अकरा वाजता शिक्षिकांपैकी एक पहिली आली. शंभर पौंडांतील पन्नास तिला, तीस दुसऱ्यास, वीस तिसऱ्यास. मी मास्तर असल्यामुळे बेरीज केली. शंभर आले होते, शंभर वाटले गेले.

तेव्हा प्रश्न आला तो पबवाल्याचा. त्याने खोली दिली, दिवे जाळले, कापड अंथरले. त्याला काय मिळाले? पुतण्या म्हणाला, "कायद्याने काहीच घेता येत नाही. बियर विकली जाते तेवढीच."

कायद्याने आखलेली रेघ

इंग्लंडचा २००५ सालचा जुगारविषयक कायदा मी दुसऱ्या दिवशी गावच्या वाचनालयात जाऊन चाळला. त्याखालील नियम असे आहेत: पबमध्ये पोकर खेळता येईल, एका माणसाने एका खेळात लावावयाची रक्कम पाच पौंडांहून अधिक असता कामा नये, संपूर्ण पबमध्ये दिवसभरात लागणारी एकूण रक्कम शंभर पौंडांच्या आत हवी, अठरा वर्षांखालील कोणी खेळता कामा नये. आणि महत्त्वाचे हे की, खेळण्याबद्दल फी आकारावयाची नाही व लावलेल्या पैशातून किंवा बक्षिसातून एक पेनीही कापून घ्यावयाची नाही. वीस गुणिले पाच म्हणजे शंभर. एकविसाव्या तरुणास चिटणीसाने का बसू दिले नाही, ते आता वाचकांच्याही ध्यानात आले असेल. शाळेच्या त्या पहारेकऱ्याला कायद्याचे कलम तोंडपाठ होते व तो ते पाळीत होता.

हा कायदा अमलात येण्याच्या सुमारास लंडनमध्ये एक खटला गाजला. क्लार्कनवेल भागात 'गटशॉट' नावाचा पोकर क्लब होता. त्याचे चालक डेरेक केली यांच्यावर, परवाना नसताना खेळणाऱ्यांकडून आकार घेतल्याबद्दल, १९६८च्या तत्कालीन कायद्याखाली आरोप ठेवण्यात आला. बचाव असा, की पोकर हा कौशल्याचा खेळ आहे, सबब हा कायदा त्याला लागूच नाही. जानेवारी २००७ मध्ये ज्यूरीने केली यांना दोषी ठरविले आणि पुढे अपिलातही ते कायम झाले. पाने पिसली जातात तेथे दैव आलेच, आणि कौशल्यात दैव मिसळले की तो खेळ त्या कायद्याच्या कक्षेत येतो, असा त्याचा मथितार्थ. कौशल्य की दैव या वादाने तेथे कोणाला वाचविले नाही. वाचविले असते ते आकार न घेण्याने.

आपल्या भाषेत या आकारासाठी नेमका शब्द आहे. जुगाराच्या अड्ड्याचा मालक प्रत्येक डावातून आपला जो वाटा काढून घेतो त्याला 'नाल' म्हणतात. शहरी मध्यमवर्गाला हा शब्द ठाऊक नसेल. पोलिसांच्या पंचनाम्यांना तो चांगला परिचित आहे. नाल घेणारा स्वतः खेळत नाही, म्हणून हरत नाही. कोण जिंकले याच्याशी त्याला कर्तव्य नसते. खेळ चालू राहावा, अधिक वेगाने चालावा आणि उठून जाणाऱ्याने पुन्हा बसावे, एवढेच त्याचे हित.

उदाहरणादाखल हिशेब करून पाहावा. सहा माणसे हजार-हजार रुपये घेऊन बसली. प्रत्येक डावात मध्ये दोनशे रुपये जमतात आणि शेकडा पाच या दराने दहा रुपये नाल कापली जाते असे धरू. तासाला साठ डाव झाले तर सहाशे रुपये नाल. दहा तासांत सहा हजार. म्हणजे सहाही जणांचे भांडवल मालकाच्या घरी आणि सहाही जण रिकामे, मग त्यांतील कोणी कितीही तल्लख असो. कौशल्य कोणाचे पैसे आधी संपणार एवढेच ठरविते.

नालेची चटक राजसत्तेलाही जुनीच आहे. द्यूताच्या नावाने आपण शकुनीला शिव्या देतो, परंतु कौटिल्याने अर्थशास्त्रात द्यूतासाठी स्वतंत्र अध्यक्ष नेमला, खेळ एकाच ठिकाणी व्हावा असा नियम केला आणि जिंकलेल्या रकमेतून शेकडा पाच घ्यावेत असेही सांगून ठेवले. आमच्या राज्याने १९६९ साली लॉटरी सुरू केली ती कौशल्याच्या कोणत्या व्याख्येत बसत होती हे कोणी विचारले नाही. १९७६ साली कॅसिनोंचा कायदाही आपल्या विधिमंडळाने करून ठेवला होता. तो कधी अमलात आला नाही व २०२३ मध्ये तो मोडीत काढण्याचा निर्णय झाला. शेजारच्या गोव्याने मात्र आपल्या १९७६च्याच कायद्यात पुढे दुरुस्त्या केल्या, आणि मांडवीच्या पात्रात रात्री जी झगमगती जहाजे दिसतात ती त्या दुरुस्त्यांची फळे.

आपल्याकडील कोडे

आपल्याकडे जुगारबंदीचा मूळ कायदा १८८७चा आहे. निव्वळ कौशल्याच्या खेळांना हा कायदा लागू नाही असे त्यात म्हटले आहे, आणि गेली साठ-सत्तर वर्षे न्यायालये या 'कौशल्य' शब्दाचा कीस काढीत आहेत. १९५७ साली चमारबागवाला प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, जुगार हा व्यापार नव्हेच, सबब व्यापाराचे घटनात्मक संरक्षण त्याला नाही. त्यानंतर सिकंदराबादच्या एका क्लबवर पडलेल्या धाडीचे प्रकरण वर गेले. १९६८च्या निकालसंग्रहात छापलेल्या त्या निकालात न्यायालयाने रमीला कौशल्यप्रधान ठरविले, कारण पडलेली पाने ध्यानात ठेवावी लागतात, कोणते राखावे आणि कोणते टाकावे याला अक्कल लागते. तीन पत्ती ती निव्वळ दैवाची. लोकलच्या डब्यात गुडघ्यांवर ब्रीफकेस आडवी टाकून रमी खेळणाऱ्या चाकरमान्यांना या निकालाची वार्ता नसेल, पण त्याने त्यांच्या डावाला एक प्रकारची प्रतिष्ठा दिली. त्याच निकालातील दुसरा भाग मला अधिक मोलाचा वाटतो आणि त्याची आठवण कोणी काढीत नाही. क्लबने सभासदांकडून पत्त्यांचा व सोयींचा खर्च म्हणून काही घेतले तर तो जुगाराचा नफा नव्हे. पण डावातून मालकाला लाभ होत असेल तर रमीसुद्धा गुन्हा ठरू शकते, असे न्यायालयाने बजावले होते. म्हणजे नालेकडे बोट त्याही वेळी दाखविले गेले होते.

पोकरच्या वाट्याला तर विचित्रच नशीब आले. पश्चिम बंगालच्या १९५७च्या कायद्याने ब्रिज, रमी यांच्या पंक्तीत पोकरलाही जुगाराच्या व्याख्येतून वगळले. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पोकर हा जुगार असल्याचा निर्वाळा दिला. तेच बावन्न पत्ते, तीच दोन पालथी आणि पाच उताणी पाने; कोलकात्यात करमणूक आणि अहमदाबादेत गुन्हा. प्रस्तुत लेखक वकील नव्हे, पण बाविसांत एक संधी असलेली राणी जेथे डाव फिरविते तेथे दैव नाही असे म्हणणे जितके खोटे, तितकेच बारा आठवड्यांच्या गुणतक्त्यात तीच चार-पाच नावे वर राहतात तेथे कौशल्य नाही असे म्हणणेही खोटे. एका डावात दैव मोठे, शंभर डावांत कौशल्य मोठे. या खेळाला एकच शिक्का मारण्याचा हट्ट मुळात व्यर्थ आहे.

या हट्टाचा लाभ कोणी उठविला ते आपण गेल्या दशकात पाहिले. २००३ साली ख्रिस मनीमेकर नावाच्या अमेरिकन हिशेबनिसाने शंभर डॉलरांहूनही कमी खर्चात संगणकावरील पात्रता स्पर्धा जिंकून लास व्हेगासच्या जागतिक स्पर्धेत प्रवेश मिळविला आणि ८३९ स्पर्धकांत पहिला येऊन पंचवीस लाख डॉलर मिळविले. (त्याचे आडनाव खरोखरच तसे आहे.) त्या घटनेने दोन झाडे वाढली. एक, गावोगावच्या हौशी लीगचे. दुसरे, संगणकावरच्या व पुढे मोबाइलवरच्या कंपन्यांचे. आपल्याकडे पहिले झाड रुजलेच नाही, दुसरे मात्र फोफावले. 'हा कौशल्याचा खेळ आहे' हे न्यायालयीन वाक्य या कंपन्यांनी जाहिरातीचे घोषवाक्य केले, क्रिकेटपटू आणि नट त्यासाठी उभे केले आणि प्रत्येक डावातून मुकाट नाल कापली. ऑक्टोबर २०२३ पासून सरकारने खेळाडूंनी भरलेल्या संपूर्ण रकमेवर २८ टक्के कर बसविला. म्हणजे नालेवर नाल.

माझा एक जुना विद्यार्थी त्या काळात माझ्याकडे आला होता. नाव सांगत नाही. खाजगी नोकरीत हिशेब पाहणारा, वर्गात गणितात पहिल्या पाचांत असलेला मुलगा. रात्री बारानंतर घरचे निजले की तो मोबाइलवर पोकर खेळे. वडिलांच्या निवृत्तीच्या रकमेतील मोठा भाग गेला, तेव्हा घरी कळले. मी त्याला विचारले, "तुला संभाव्यता मी शिकविली आहे. तुझ्या ध्यानात कसे आले नाही?" तो म्हणाला, "सर, मी चांगलाच खेळत होतो. सहा महिन्यांचा हिशेब मांडला तर मी बाकीच्यांकडून जिंकलेलो आहे. कापून गेले त्यात मी बुडालो." थोडे थांबून म्हणाला, "चार दिवस खेळलो नाही की बक्षीस म्हणून पाचशे रुपये माझ्या खात्यात पडायचे. माझी इतकी आठवण दुसऱ्या कोणाला येत नव्हती."

हे ऐकताना मला त्या मागल्या खोलीची आठवण झाली. आजोबा त्या हंगामात लागोपाठ दोन मंगळवार आले नव्हते, तेव्हा चिटणीस त्यांच्या घरी गेला होता. आठवण तेथेही ठेवली जात होती, फक्त तिचा धनी निराळा होता. तेथे विद्यार्थी एका रात्री फार चिडून खेळू लागला तर शेजारची परिचारिका त्याला सरळ 'आज पुरे' म्हणू शकत होती. मोबाइलच्या मेजावर समोरचे पाच जण कोण, कोठले, दारू प्यालेले की रडणारे, हे कोणालाच दिसत नाही.

२०२५च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांना, मग ते कौशल्याचे असोत वा दैवाचे, बंदी करणारा कायदा संमत केला. कंपन्यांनी त्याला न्यायालयात आव्हान दिले. बंदीने सारे सुटते असे मानणाऱ्यांतला मी नाही; मटक्यावरची बंदी आपण पाहिलेली आहे. पण कौशल्याचा बुरखा एकदा बाजूला सारला गेला हे बरे झाले, असे माझे मत आहे.

घरच्या डावाचे काय?

मात्र काम अर्धेच झाले आहे. १८८७च्या कायद्यातील अड्ड्याची व्याख्या नीट वाचली तर तिचा भर मालकाच्या नफ्यावर आहे. मित्राच्या दिवाणखान्यात, यजमानाला काही मिळत नसता, चार ओळखीच्यांनी मांडलेला डाव त्या व्याख्येत सहजासहजी बसत नाही. पण हे सामान्य माणसाला कोण सांगणार? सार्वजनिक सभागृहात, क्लबात, वाचनालयाच्या गच्चीवर असा डाव मांडला तर काय, याचे उत्तर कोणी छातीठोकपणे देत नाही. परिणाम असा की सभ्य माणूस भितो, आणि अड्डेवाला भीत नाही. मला वाटते, विधिमंडळाने ब्रिटिशांच्या त्या नियमासारखी स्वच्छ आकड्यांची रेघ आपल्याकडेही आखावी. दरडोई रकमेची मर्यादा, एकूण रकमेची मर्यादा, नाल शून्य, उधारी शून्य, अठरांखालील कोणी नाही. शाळेच्या पहारेकऱ्याला पाठ होईल इतका सोपा नियम असावा. कौशल्य-दैवाचा वाद मग विद्यापीठांसाठी ठेवता येईल.

यावर आक्षेप येईल आणि तो गंभीर आहे. पाच रुपयांच्या डावाला मुभा दिली की पन्नास, मग पाचशे, असे होणार. गावोगावचे अड्डे 'मैत्री लीग' अशी पाटी लावणार. हे होईल, अंशतः तरी होईल. आणि इंग्लंडचे मी फार गोड चित्र रंगविले असे वाटत असेल तर राहिलेली एक गोष्ट सांगतो. मागल्या खोलीत जाताना पबच्या मुख्य दालनातून जावे लागे. तेथे भिंतीशी लुकलुकणारी दोन यंत्रे होती. एक पौंड टाकावयाचा, कळ दाबावयाची, नशिबात असेल तर शंभरापर्यंत मिळावयाचे. ती यंत्रे पूर्ण कायदेशीर असून त्यांचे उत्पन्न मालकाचे. आम्ही आत गेलो तेव्हा त्यांतील एकापुढे एक मध्यमवयीन गृहस्थ उभा होता. साडेतीन-चार तासांनी परतलो तेव्हाही तो तेथेच, त्याच पायावर भार देऊन उभा होता. आत वीस माणसांनी मिळून शंभराच्या वर एक पेनी जाऊ नये म्हणून वही ठेवलेली, आणि बाहेर एकट्या माणसाची नोंद ठेवावयास कोणी नाही. त्याला आत का बोलावीत नाही, असे मी पुतण्याला विचारले. "बोलावले होते," तो म्हणाला. "त्याला हा खेळ फार संथ वाटतो."

परत आल्यावर आमच्या वसाहतीतील सहा-सात निवृत्तांनी गुरुवारी संध्याकाळी हा खेळ सुरू केला आहे. पैशाचे नाव नाही. चकत्यांऐवजी चिंचोके, आणि एक लांबोडकी वही. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ दर आठवड्याला सरासरी काढून आणतात आणि त्यांच्या मते मी हूल देताना चष्मा पुसतो. सौभाग्यवतींनी पहिल्या दिवशी नाक मुरडले होते. आता त्या गुणतक्त्यात माझ्या वर आहेत.

त्या विद्यार्थ्याला बोलवावे असे मी सुचविले होते. बँकवाल्यांनी हरकत घेतली: दारू सोडलेल्या माणसाला सरबतासाठीसुद्धा गुत्त्यात नेऊ नये, असे त्यांचे म्हणणे. मला ते पटले नाही, पण खोडूनही काढता आले नाही. शेवटी मी त्यालाच फोन करून विचारले. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "सर, तुमच्याकडे किती वाजता संपते?" मी म्हटले, आठ वाजता, त्यानंतर सर्वांना जेवावयाचे असते. "मग बघतो," तो म्हणाला. या गुरुवारी त्याच्यासाठी एक खुर्ची जास्त मांडली होती. तो आला नाही. पुढच्या गुरुवारीही ती मांडावयाची असे ठरले असून, त्या ठरावास बँकवाल्यांनी अनुमोदन दिले आहे.